पांढरीची माती आणि तेरचा संग्रह

जुन्या गावठाणाची पांढरी माती शेतास घातली असता खताचे काम देते काय, आणि देत असल्यास एकरी किती गाड्या घालाव्यात, असा प्रश्न आपल्या मंडळाच्या एका सभासद बंधूंनी विचारला आहे. खताच्या अंगाने त्याचे उत्तर कोणी जाणता देईलच. परंतु ह्या प्रश्नास दुसरेही एक अंग आहे, आणि ते आम्ही मांडले नाही तर आणखी कोणी मांडील असे दिसत नाही. आमचे शिक्षण गावच्या मराठी शाळेपुरतेच झालेले. पुढील सारे आयुष्य महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेले. तेव्हा विद्वत्तेचा आव आणण्याचे कारण नाही. पण माती, गट नंबर आणि परवाना ह्या तीन वस्तू आम्ही पुष्कळ जवळून पाहिल्या आहेत, आणि मागील माघ महिन्यात तेर येथील वस्तुसंग्रहालय पाहून आल्यापासून त्या तिहींचा मेळ आमच्या मनात असा काही बसला आहे की, चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही.

काळी आणि पांढरी हे दोन शब्द आपल्या वाडवडिलांच्या नित्याच्या बोलण्यातले. जी जमीन पिकते ती काळी, आणि जीवर वस्ती नांदते ती पांढरी. पांढरी ही मुळात पांढरी नसते. माणसे तिला पांढरी करतात. चुलीतली राख, पडक्या भिंतींची माती, शेणाचा सडा, गुराढोरांचे मलमूत्र, हाडे, चुना, भुसकट असे शेकडो वर्षे एकावर एक पडत जाते आणि जमिनीचा रंग व कस दोन्ही पालटतात. पुढे दुष्काळाने, धामधुमीने, रोगराईने किंवा नदीने पात्र बदलल्यामुळे गाव उठते. घरे कोसळून टेकाड होते. आणि कालांतराने त्यावर नांगर फिरू लागतो. गावाचे नाव लोक विसरतात, परंतु शेताचे नाव ‘पांढरीचे शेत’ किंवा ‘पांढरीचा माळ’ असे राहून जाते. पुराणवस्तूंचा शोध करणारे लोक खेड्यात आले म्हणजे प्रथम हीच नावे विचारतात, ती उगाच नव्हे. अशा मातीत फॉस्फेट पुष्कळ असते, हेही खरे. म्हणूनच आपल्या शेतकऱ्यास तिची ओढ लागली. शिवाय मराठवाड्यात व सोलापुराकडे माळवदाच्या घरांवर जी मातीची जाड पाखर घालीत, तिलाही हीच चिकण पांढरी लागे. अशा रीतीने एका बाजूने शेत व दुसऱ्या बाजूने घराचे छप्पर, दोहोंनी मिळून कित्येक जुनी गावे पाटीपाटीने उचलून नेली.

तेर हे गाव धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी आहे. आपल्या बहुतेक वाचकांस ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून माहीत असेल, आणि तेवढ्यासाठीच तेथे जाणारे लोक पुष्कळ. परंतु गोरोबाकाकांच्याही आधी हजार-बाराशे वर्षे हे गाव परदेशी व्यापाऱ्यांच्या तोंडी होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची व बंदरांची जी माहिती लिहून ठेवली आहे, तीत भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या मजलीवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर नावाचे मोठे नगर सांगितले आहे. पैठणाहून अकीकाचे दगड आणि तगराहून साधे कापड, तलम मलमल वगैरे माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचेस जात असे, असेही त्याने नमूद केले आहे. पुढे कोकणच्या व कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी आपल्या बिरुदात ‘तगरपुरवराधीश्वर’ असे मोठ्या अभिमानाने मिरविले. पण ते तगर कोणते, ह्याचा पत्ता लोकांस राहिला नव्हता. १९०१ साली फ्लीटसाहेबांनी ते हेच तेर, असे दाखवून दिले. हे फ्लीटसाहेब मूळचे आमच्याच खात्यातले, कलेक्टरी व कमिशनरी केलेले. महसुलाच्या माणसासही जमिनीखालचे दिसू शकते, ह्याचा हा एक दाखला आम्ही जरा आपलेपणाने देतो.

आता ते कापड ज्या कापसाचे, तो कापूस कोठला? ह्याच काळ्या रानातला असावा, असे मानण्यास आम्हास तरी हरकत दिसत नाही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी ज्याच्या कापसाचे सूत सातासमुद्रापार गेले, तो शेतकरी आपलाच कोणी पूर्वज. त्याचे नाव कोठेच लिहिलेले नाही. त्याच्या घरची खापरे मात्र आहेत, आणि ती तेरच्या संग्रहात काचेमागे मांडली आहेत.

हा संग्रह कोणा राजाने केला नाही, आणि कोणा विद्यापीठानेही नाही. तेरचेच एक रहिवासी कै. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी तो एकट्याच्या नादाने जमविला. गृहस्थ व्यापारी, गावात राहणारे. पावसाळ्यात सरी जोराच्या आल्या म्हणजे पांढरीची माती धुपून जाते आणि मणी, नाणी, चित्रे उघडी पडतात. जे इतरांनी पायाखाली घातले किंवा पोरांच्या हाती खेळावयास दिले, ते ह्या गृहस्थांनी वेचले व राखले. पुढे तो हजारो वस्तूंचा ठेवा शासनाच्या स्वाधीन झाला आणि आज त्यांच्याच नावाने गावात शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. १९६० साली ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट ह्यांनी ‘तेर’ ह्याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. आपण राहतो त्या गावाचे नाव लंडनच्या विद्वानाच्या पुस्तकावर यावे, ही गोष्ट एका व्यापाऱ्याच्या वेचण्याच्या छंदातून घडली. शहाणी माणसे अशा छंदास वेड म्हणतात. असो.

संग्रहात काय आहे, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण ‘संग्रहालय’ म्हटले म्हणजे आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे तलवारी आणि राजेलोकांच्या तसबिरी येतात. तेरला मोठा मान मातीचा आहे. पांढऱ्या शाडूसारख्या मातीची लहान लहान चित्रे आहेत. पुढचा साचा निराळा, पाठीमागचा निराळा, दोन्ही अर्ध्या जोडून आत पोकळ ठेवून भाजलेली. त्यांतील बायकांच्या केसांची ठेवण, कानांतले व कमरेचे दागिने, डोक्यावरचे गजरे इतके बारीक काढले आहेत की, पाहता पाहता आपण वाकून काचेस नाक लावतो. गोरोबाकाकांच्या गावी कुंभाराची कला त्यांच्यापूर्वी कित्येक शतके ह्या थरास पोहोचली होती, हे पाहून आम्हास काय वाटले ते सांगता येत नाही. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आहेत; अकीकाचे व इतर दगडांचे मणी आहेत; सातवाहन राजांची शिशाची नाणी आहेत. रोमच्या बादशहाच्या नाण्याचा छाप मातीत उठवून, वर कडी ठेवून, गळ्यात घालण्यासाठी केलेली पदकेही तेरला सापडली आहेत. खरे सोन्याचे नाणे ज्यास परवडत नसे त्याने मातीचे घालावे, हा व्यवहार आजच्या बाजारातही आपण पाहतोच.

सर्वांत नावाजलेली वस्तू म्हणजे हस्तिदंताची एक स्त्री. इटलीतील पाँपेई नावाचे शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झाले. १९३८ साली तेथे उकरताना अशाच घडणीची हिंदुस्थानी हस्तिदंती बाहुली निघाली. तिच्याशी तेरच्या बाहुलीचे साम्य अभ्यासकांनी दाखविले असून, जालना जिल्ह्यात भोकरदन येथेही त्याच जातीची एक मिळाली आहे. एक बाहुली राखेखाली, दुसऱ्या दोन पांढरीखाली. आणि तिन्ही उजेडात आल्यावर विद्वान लोक त्यांचे नाते लावीत बसले आहेत. त्यांत एखादी चौथी कोणाच्या शेतातून ट्रॉलीत भरून गेली नसेल, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे.

आम्ही गेलो त्या दिवशी गोरोबाकाकांच्या दर्शनास आलेले एक वयस्कर जोडपे तेथे फिरत होते. बाई शंखाच्या बांगडीच्या एका लहान तुकड्यापुढे थांबल्या आणि आपल्या यजमानांस म्हणाल्या, “अहो, ही लेकराची दिसते.” यजमानांनी मान हलविली. एवढेच बोलणे झाले. पुढे त्या बाईंनी आम्हासच विचारले, “दादा, ही कुणाच्या रानात सापडली?” आम्ही इकडेतिकडे पाहिले, पण आमच्याने उत्तर देववले नाही.

आमच्या मते ह्या एका प्रश्नात सर्व प्रकरण आले. वस्तूवर काळाची पाटी असते, मातीची जात लिहिलेली असते. परंतु कोणत्या शिवारात, कोणत्या टेकाडावर, किती खोलीवर, सोबत काय होते, ही हकीकत वेचलेल्या वस्तूच्या बाबतीत बहुधा मिळत नाही. लामतुरे ह्यांनी वेचले नसते तर वस्तूच उरल्या नसत्या. त्यांस दोष देणे हा कृतघ्नपणा होईल. पण जमाबंदीच्या भाषेत सांगावयाचे तर, ज्या वस्तूचा ठिकाणा गेला ती वस्तू म्हणजे सात-बारा नसलेली जमीन. ती डोळ्यांस दिसते, पण तिच्यावरून कोणताही हक्क शाबीत होत नाही.

आता आम्ही स्वतःचा कबुलीजबाब देतो. नोकरीत असताना गौण खनिजाचे टेबल काही वर्षे आमच्याकडे होते. माती उचलण्याचे अर्ज येत. आम्ही गट नंबर, क्षेत्र, किती ब्रास, स्वामित्वधन किती, चलन भरले की नाही, हे रकाने तपासून परवाना साहेबांच्या सहीस ठेवीत असू. असे किती परवाने आमच्या हातून गेले त्याचा हिशेब नाही. त्यांत कित्येक ठिकाणी शेताच्या नावापुढे ‘पांढर’ असे स्पष्ट लिहिलेले असे, आणि तरीही लेखणी एकदाही थबकली नाही. रकानाच नव्हता, मग थबकावे कशासाठी? आमच्या घरच्या शेतातही आम्ही लहान असताना वडिलांनी उन्हाळ्यात जुन्या गावाच्या टेकाडावरची माती आणून घातली होती. गाड्या रिकाम्या करताना निघालेली खापरे वेचून बांधावर टाकणे हे आम्हा मुलांचे काम. ती खापरे अद्याप बांधावर आहेत. त्या वर्षी ज्वारी चांगली आली होती, हेही खरेपणाने सांगितले पाहिजे.

त्या काळी पाटी आणि बैलगाडी होती. टेकाड संपावयास तीन पिढ्या लागत. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदाची भीती बसून पुष्कळ ठिकाणी पत्रे आणि स्लॅब आले, तेव्हा छपरासाठी लागणारी माती कमी झाली. ह्यात टेकाडांस दिलासा मिळावा तो मिळाला नाही, कारण त्याच सुमारास पुढे जेसीबी आला. जे काम आजा, बाप आणि नातू मिळून करीत, ते आता दोन दिवसांत उरकते, आणि यंत्र चालविणाऱ्यास खाली काय आहे ते दिसतही नाही.

दुसरी हकीकत अशी. एका गावच्या शेतकऱ्यास विहीर खोदताना एक मडके लागले. आत काळी पडलेली नाणी. बिचारा प्रामाणिक. मडके फडक्यात बांधून आम्ही जेथे कामास होतो त्या कचेरीत घेऊन आला. निखात निधीचा कायदा १८७८ चा. जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास कलेक्टरास लेखी कळवावे, न कळविल्यास वर्षापर्यंत कैद किंवा दंड. आणि सरकारने ऐवज घेतला तर त्यातील धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा चढवून द्यावा, असे त्यात आहे. सोन्याच्या बाबतीत हे ठीक. पण शिशाच्या नाण्यातील शिशाची किंमत ती काय, आणि तिचा पाचवा हिस्सा तो काय! पंचनामा झाला, जबाब झाला, पुन्हा जबाब झाला. पेरणीच्या दिवसांत त्याला आठ खेपा घालाव्या लागल्या. गावात बोलवा उठली की सोन्याचा हंडा सापडला. भाऊबंद वाटणी मागू लागले. शेवटच्या खेपेस तो आमच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, “रावसाहेब, पुन्हा मडके लागले तर मी ते विहिरीतच सोडीन.” नाणी पुढे कोठे गेली, कोणत्या राजाची ठरली, हे त्याला कोणी कळविले नाही. आम्हीही कळविले नाही. आम्हासच ठाऊक नव्हते, हे उत्तर आज आमचे आम्हासच पुरे वाटत नाही.

अशा भीतीने किती इतिहास मुशीत वितळला असेल ह्याचा अंदाज घेण्यास एकच उदाहरण पुरे आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे चांदीच्या लहान लहान नाण्यांचा साठा सापडला. नाणी सव्वातेरा हजारांच्या आसपास. ती नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. शत्रूचा पाडाव करून त्याचेच चलन आपल्या नावाने चालविले, ही गोष्ट त्या ठशांवरून निर्विवाद झाली. तो साठा एखाद्या सोनाराकडे गेला असता तर फार तर काही शेर चांदी झाली असती. तसेच १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद येथे एका भिल्ल शेतकऱ्यास झाडाचे मूळ खणताना चार काशाच्या मूर्ती मिळाल्या. बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सर्व मिळून वजन साठ किलोंहून जास्त. मोडीत घातल्या असत्या तर तेवढ्या वजनाचे पैसे हातोहात मिळाले असते. त्या राहिल्या, म्हणून आज जगातील जाणते लोक दायमाबादचे नाव घेतात.

येथे कोणी म्हणेल की, हे सर्व ठीक; पण पांढरीत काही निघाले असे कळविले तर शेत सरकारजमा होईल, बांधकाम बंद होईल, मग आम्ही खावे काय? ही भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे शंभर मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीची अट आहे. ज्यांची घरे त्या कक्षेत येतात त्यांचे हाल आम्ही पाहिले आहेत. परंतु एखादा मणी किंवा मडके निघाल्याने शेत संरक्षित होत नाही. त्यासाठी अधिसूचना काढावी लागते, हरकतीस दोन महिन्यांची मुदत द्यावी लागते. नांगरताना मिळालेले खापर दाखविणे आणि शेत गमावणे ह्यांत फार मोठे अंतर आहे. हे अंतर गावोगाव समजावून सांगण्याचे काम ज्यांचे, ते ते करीत नाहीत, म्हणून शेतकरी लपवितो.

आमची मागणी मोठी नाही. माती उचलण्याच्या अर्जात एक रकाना वाढवावा: ‘सदर जागा जुनी पांढर आहे काय?’ उत्तर होय असेल तेथे परवाना देण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या माणसाने किंवा जवळच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या शिक्षकाने एकदा टेकाड पाहून जावे. कागदास कागद वाढेल खरा. पण आम्ही ज्या कागदांवर आयुष्य घालविले त्यांतील निम्म्यांपेक्षा हा अधिक कामाचा ठरेल. ज्याने वस्तू आणून दिली त्यास त्याच दिवशी पोच मिळावी, आणि वस्तू कोठे गेली व काय ठरली, हे पुढे एका पोस्टकार्डाने का होईना, कळवावे. तेरसारख्या संग्रहात यापुढे जी वस्तू येईल तिच्या पाटीवर काळ व जात ह्यांच्या बरोबरीने गाव, शिवार आणि शेतकऱ्याची हरकत नसल्यास त्याचे नाव लिहावे. ज्या बाईंनी आम्हास प्रश्न विचारला, तशा हजार बाया रोज गोरोबाकाकांच्या पायाशी येतात. आपल्या रानाचे नाव काचेमागे वाचावयास मिळाले तर त्या पुन्हा येतील, आणि येताना पदराच्या गाठीत काही बांधूनही आणतील.

राहिला खताचा प्रश्न. पांढरीऐवजी तलावाचा गाळ घ्यावा. धरणांतील गाळ शेतात नेण्याची योजना शासनाने २०१७ पासून चालविली आहे. गाळाने जमिनीस ओल धरण्याची शक्ती येते, आणि गाळ काढल्याने तलावात पाणी वाढते. पांढरीचे टेकाड एकदा गेले की दोन हजार वर्षे थांबल्याशिवाय पुन्हा होणार नाही. तलावात मात्र दर पावसाळ्यात नवा गाळ येतो. हलक्या, मुरमाड जमिनीस किती घालावा आणि भारी काळीस घालावाच की नाही, हे मृदापरीक्षण करून ठरवावे. सरसकट ओतणे बरे नव्हे.

ज्या सभासद बंधूंनी प्रश्न विचारला आहे, त्यांस आमची विनंती इतकीच की, पहिली ट्रॉली भरण्यापूर्वी त्या टेकाडाचा गट नंबर व गावाचे नाव मंडळाच्या पत्त्यावर आमच्या नावे कळवावे. मजूर लावले असल्यास दोन दिवस थांबवावेत. त्यांची दोन दिवसांची मजुरी आम्ही देऊ. आमच्या बांधावरची खापरे आम्ही ह्या आठवड्यात एका पाटीत भरली आहेत, आणि ती ज्या टेकाडावरून आली त्या शेताचा जुना सर्व्हे नंबर व नवा गट नंबर एका चिठ्ठीवर लिहून पाटीत घातला आहे. पुढील महिन्यात तेरला जाणे आहे; तेव्हा ती बरोबर नेऊ. त्यांच्या टेकाडावरचीही एखादी पाटी नेता आली तर बरे.